कडक गादीवरची क्षमा

भाऊजी,

हे तुम्ही वाचणार नाही, मला ठाऊक आहे. आयुष्यात तुम्ही दोनच गोष्टी नीट वाचल्यात, समोरच्या दुकानाची पाटी आणि गिऱ्हाइकाचा चेहरा. तरी पत्र तुमच्याच नावाने सुरू केलं, कारण तुमची ही हकीकत जो तो आपल्या मनाने सांगत सुटलाय. कुणाच्या सांगण्यात तुम्ही ठार वेडे ठरता, कुणाच्या सांगण्यात थोर. तुम्ही दोन्ही नाही. पण 'तुम्ही असं केलंत, तुम्ही तसं केलंत' असं लिहीत गेलं की पत्राचं भांडण होतं, आणि आपल्या घरात भांडणांचा साठा आधीच पुरेसा आहे. तेव्हा तुम्हाला आता बाजूच्या खुर्चीत बसवते आणि सांगायचं ते चारचौघांना सरळ सांगते. मधे बोलायचं नाही. यात एक वहिनी येईल. ती कोण, हे विचारायची गरज नाही.

तर, गादीवाले.

गादीवाल्यांचं दुकान अरुंद आणि खोल, बोगद्यासारखं. पुढे उशा आणि लोड, मधे गुंडाळून उभ्या केलेल्या गाद्या, आणि जिथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो तिथे मागे कापूस पिंजायचं मशीन. उभ्या गाद्यांमधून चालताना जाडजूड माणसांच्या गर्दीतून वाट काढल्यासारखं वाटतं. गादीवाले सवयीने त्यांना 'जरा सरका' म्हणतात, आणि नवं गिऱ्हाईक बिचारं स्वतःच सरकतं.

दुकानाच्या मधोमध एक लाकडी पलंग आहे. गिऱ्हाइकाने चपला काढायच्या, पायाखाली वर्तमानपत्र घ्यायचं आणि गादीवर आडवं होऊन बघायचं. आडव्या माणसाशी बोलायचं नाही, हा गादीवाल्यांच्या वडिलांचा दंडक. 'गादीला बोलू द्यावं, आपण गप्प बसावं,' असं ते म्हणत. गादीवाले गप्प बसत, पण बघत. वर्षानुवर्षं माणसं आडवी होताना बघून त्यांची पक्की समजूत झाली की माणसाचं मन आपल्याला कळतं. उभा माणूस खोटं बोलतो, आडवा बोलत नाही, हे त्यांचं मत. ते त्यांनी कधी उभ्याने सांगितलं, कधी बसून; आडवं होऊन कधीच नाही.

एकदा एक व्यापारी दुकानात आला, चहा प्यायला आणि म्हणाला, 'हा माल सगळ्यांना नाही दाखवत मी. जाणकाराला दाखवतो.' झालं. जाणकारांनी ट्रकभर काथ्याच्या गाद्या घेऊन ठेवल्या. त्या किती कडक म्हणाल, तर त्यातली एक आडवी पडली तेव्हा शेजारचा घड्याळवाला भिंत कोसळली म्हणून धावत बाहेर आला. एकही गादी खपेना. 'पाठीला चांगल्या' म्हणून सांगावं, तर चौकातल्या डॉक्टरांनी सगळ्या गल्लीला नेमकं उलटं सांगून ठेवलेलं.

पण त्या गाद्यांवर गादीवाल्यांना एक शोध लागला. नवराबायको भांडत दुकानात येत. तो म्हणे फोम, ती म्हणे कापूस. गादीवाले नवऱ्याला काथ्यावर आडवं करत. जरा वेळ जात नाही तो नवरा उठून बसे आणि म्हणे, 'जाऊ दे, तुला हवी ती घे.' एकदा झालं, दोनदा झालं, दर वेळी होऊ लागलं. गादीवाल्यांनी ताडलं की कडक गादीवर माणसाचा राग विरतो. त्या माणसाला फक्त तिथून उठायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. वहिनीने ते स्वच्छ शब्दांत सांगितलं. त्यावर ते म्हणाले, 'वहिनी, तुमचं शिक्षण झालंय. माझा अभ्यास झालाय.'

अभ्यास झाला म्हटल्यावर तो जगापुढे मांडायला हवा. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक संगणकवाला होता, तो लोकांना वेबसाइट करून द्यायचा. फोटोंचे पैसे वेगळे, म्हणाला. गादीवाल्यांनी फोटो नको म्हणून सांगितलं. रंगाचे पैसे वेगळे. रंगही नको. मग दुकानाचं नाव आणि पत्ता घालायची वेळ आली, तेव्हा मात्र गादीवाल्यांनी विचार केला. दुकानाचं नाव दिसलं तर लोक म्हणतील, हा गाद्या विकायला बसलाय. शोध कसा निःस्पृह दिसला पाहिजे. तेव्हा तेही नको. अशा रीतीने गाद्या खपवण्यासाठी केलेल्या वेबसाइटवर गादीचं चित्र नाही, दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, आणि करड्या पानावर काळा मजकूर, असं ते प्रकरण तयार झालं.

मजकूर असा होता: 'मानसशास्त्र असे सांगते की, कठीण पृष्ठभागावर नियमित झोपणाऱ्या व्यक्तीच्या मनात राग टिकत नाही व ती आप्तस्वकीयांना लवकर क्षमा करते. याला आजवर एकही अपवाद आढळलेला नाही.' खाली 'संस्थापक, निद्रा व क्षमा अभ्यास केंद्र' म्हणून त्यांचं नाव, आणि त्या दिवसाची तारीख. अभ्यास केंद्र म्हणजे पिंजायच्या मशीनमागची खोली. त्यांची मुलगी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिने मानसशास्त्र घेतलं होतं. तिच्या पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी बारीक अक्षरात काही नावं असतात, हे गादीवाल्यांनी हेरून ठेवलेलं. मग आपल्या पानाच्या शेवटीही हवीत. त्यांनी काथ्याच्या कंपन्यांचे कॅटलॉग काढले आणि त्यांची नावं साल घालून बारीक अक्षरात ओळीने लावली. 'काथ्या आणि मानवी शरीर, सुधारित आवृत्ती' वगैरे. शेवटी 'पिंजणाऱ्याची प्रत्यक्ष मुलाखत'.

एक गादी खपली नाही. गादीवाले वेबसाइट विसरले. संगणकवाला विसरला नाही, कारण त्याला दर वर्षी तिचे पैसे मिळत.

आता गावातल्या कॉलेजकडे वळू. तिथल्या ग्रंथपाल बाई कडक शिस्तीच्या, सरळ आणि कष्टाळू. त्यांना कुणी हसू नये. मानसशास्त्राची मुलं निबंधात कुठून काय उचलून आणत ते त्यांनी पाहिलेलं होतं. रंगावरून स्वभाव, सहीवरून सासू कशी मिळेल, आणि एकाने तर 'तुम्ही कोणतं फळ आहात?' या प्रश्नमालिकेचा संदर्भ देऊन स्वतःला सीताफळ सिद्ध केलं होतं. शेवटी बाईंनी पदर खोचला आणि कॉलेजच्या साइटवर एक पान सुरू केलं: 'मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी खात्रीचे ऑनलाइन स्रोत'. पान यादीत घ्यायचं तर त्याला चाळणीतून जावं लागे. लेखकाचं नाव आहे का? तारीख आहे का? संदर्भ दिलेत का? पानावर काही विकायला मांडलंय का?

या चाळणीत भली भली पानं अडकली. नामवंत संस्थांची गेली, कारण कोपऱ्यात त्यांच्या पुस्तकाची किंमत होती. एका वयोवृद्ध मानसोपचारतज्ज्ञांचं गेलं, कारण त्यांनी तारीख घातली नव्हती. आपल्या भाषेत 'राग' आणि 'क्षमा' या विषयांवर शोधायला जावं, तर आधीच दुष्काळ. त्यात एक करडं, रुक्ष, चित्र नसलेलं पान वर आलं. नाव आहे. तारीख आहे. संदर्भ, तेही बारीक अक्षरात. विकायला काडीही नाही. बाईंना भरून आलं असणार. गादीवाल्यांचं पान चाळणीतून असं घरंगळत गेलं की चाळणीला कळलंसुद्धा नाही.

मग मुलांनी ते वापरलं. वापरणारच, यादीत होतं. कुणी वसतिगृहातल्या भांडणांवर प्रकल्प केला, कुणी भावंडांवर, कुणी सासू-सुनांवर, आणि प्रत्येकाने निद्रा व क्षमा अभ्यास केंद्राचा आधार दिला. चांगले प्रकल्प कॉलेजने आपल्या साइटवर चढवले. इकडे संगणकवाल्याला दर वर्षी पैसे घेताना काहीतरी काम दाखवणं भाग होतं. आपल्या पानाचं नाव आणखी कुठे येतंय ते तो शोधे, आणि जे सापडेल ते गादीवाल्यांना न विचारता संदर्भांच्या शेपटाला जोडून देई. म्हणजे पान प्रकल्पांना आधार देत होतं आणि प्रकल्प पानाला. दोन दारुडे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात ना, तसं. कुणीच पडत नव्हतं.

गादीवाल्यांच्या मुलीला घरात 'वकीलसाहेब' म्हणतात, कारण ती जेवतानाही पुरावा मागते. ती त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या शिक्षणावरून घरात एक करार झाला होता: शिक हवं ते, पण एका जरी विषयात नापास झालीस तर दुकानात येऊन बसायचं. करार गादीवाल्यांचा. त्यांना मागची खोली आणि पुढचं गिऱ्हाईक एकट्याने आवरेनासं झालं होतं, आणि ती नापास व्हावी असं त्यांना वाटत नव्हतं, एवढंच. झाली तर बरंच होईल, असंही वाटत होतं.

मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्गाला काम दिलं: यादीतला कुठलाही एक स्रोत घ्या आणि तो भरवशाचा आहे का ते तपासा. सगळ्या वर्गाने लिहिलं, भरवशाचा आहे, कारण यादीत आहे. वकीलसाहेबांनी क्षमेचं पान उघडलं आणि संदर्भसूचीवर येऊन थबकल्या. 'काथ्या आणि मानवी शरीर, सुधारित आवृत्ती'. त्या कॅटलॉगच्या कोऱ्या पाठीवर तिने लहानपणी हत्ती काढलेले होते. वर जाऊन तिने लेखकाचं नाव पुन्हा वाचलं. मग बाप आठवला, आणि जेवायच्या ताटावर तिने विषय काढला.

"बाबा, तुम्ही नेटवर क्षमेचं काही लिहिलं होतंत?"

"होतं. का?"

"आमच्या कॉलेजात ते अभ्यासाला आहे."

गादीवाल्यांचा घास हातातच राहिला. "कितव्या वर्षाला?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात गेले. गाद्यांना 'जरा सरका' न म्हणता 'कृपया सरकावे' म्हणाले. घड्याळवाल्याला बोलावून, पलंगावर बसवून, सगळं सांगितलं. घड्याळवाल्याने विचारलं की आता पेन्शन मिळते का. वहिनीला फोन आला तेव्हा आवाजात असा काही भारदस्तपणा होता की आधी तिला बँकेतला माणूस वाटला.

हे चार दिवसांचं चांदणं. वकीलसाहेबांनी आपलं काम लिहून दिलं होतं: पान खोटं आहे, लेखक माझे वडील आहेत, ते गाद्या विकतात आणि हे त्यांनी मनाने रचलं आहे. काम परत आलं. प्राध्यापकांनी समासात लिहिलं होतं, 'वडील हा स्रोत नव्हे. आठवड्याभरात ग्राह्य पुरावा द्यावा, अन्यथा अनुत्तीर्ण.' शिवाय, ज्याला चार प्रकल्पांचा आधार आहे त्या पानाला खोटं म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे, असंही.

मुलीने कागद बापापुढे ठेवला आणि आत गेली. गादीवाले बराच वेळ दुकानात उशांचे अभ्रे बदलत बसले, बदललेलेच पुन्हा बदलत. मनातलं आयतं घडत होतं. काही करायचं नव्हतं, गप्प बसायचं होतं, आणि त्यात ते वाकबगार. पुढच्या महिन्यात पोरगी गल्ल्यावर बसली असती. संध्याकाळी त्यांनी वहिनीला फोन केला. या वेळी आवाज त्यांचाच होता.

"वहिनी, खोटं मी लिहिलं तर मी आधार झालो, आणि खरं तिने लिहिलं तर ती नापास. हे काही मला पटत नाही."

वहिनी म्हणाली, मग जाऊन सांगा की. त्यात फोन काय करायचाय.

गेले. कॉलेजच्या ग्रंथालयात लांब टेबलाच्या एका टोकाला ग्रंथपाल बाई, एका टोकाला प्राध्यापक. प्राध्यापक हळू बोलणारे, इतके हळू की समोरच्याला आपणच बहिरे झालोय असं वाटावं. गादीवाल्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की ते पान माझं आहे आणि त्यात तथ्य नाही. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, चष्मा लावला आणि विचारलं:

"याला आधार काय?"

"कशाला?"

"त्यात तथ्य नाही, या म्हणण्याला."

"मी आहे ना. मीच रचलंय."

"असं तुम्ही म्हणता. हे तुम्ही कुठे प्रसिद्ध केलंय का? नाव, तारीख, संदर्भासकट?"

गादीवाल्यांनी कबूल केलं की केलेलं नाही. बाईंनी मान हलवली, डॉक्टर रिपोर्ट बघून हलवतात तशी. मग प्राध्यापकांनी हळू आवाजात एकेक मुद्दा काढला. तुम्ही विद्यार्थिनीचे वडील, म्हणजे तुमचा हितसंबंध आला. तुम्ही गाद्यांचे व्यापारी, म्हणजे कडक गादीविरुद्ध बोलण्यासाठी फोमवाल्यांनी तुम्हाला पाठवलेलं नाही कशावरून? आणि ज्या अभ्यास केंद्राचे संस्थापक म्हणवता, त्याचे संस्थापक तुम्हीच, हे तरी कसं ओळखायचं? गादीवाल्यांनी दुकानाचं कार्ड काढून दिलं. बाईंनी ते उलटसुलट करून परत केलं आणि सौम्यपणे म्हणाल्या की या कार्डावर किंमत आहे, आम्ही विक्रीचं साहित्य ग्राह्य धरत नाही.

बाहेर पडताना गादीवाल्यांनी भिंतीवरच्या पाटीवर 'शांतता राखा' वाचलं आणि राखली.

वहिनी जुनी पदवीधर, तीही याच विषयाची. तिने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. चूक जिथे छापली तिथेच दुरुस्त करायची असते, एवढी साधी गोष्ट. संगणकवाल्याला सांगा, पानाच्या डोक्यावर लिही की खालचा मजकूर मी मनाने रचला आहे, कुणी आधार धरू नये. गादीवाल्यांनी ते जसंच्या तसं करून घेतलं, वर स्वतःचा फोटोही घातला, पैसे मोजून. रंगीत.

आता पानावर फोटो आला, रंग आला, आणि वरच्या वाक्याला संदर्भ एकही नव्हता. ग्रंथपाल बाईंनी नियमाप्रमाणे पान पुन्हा चाळणीत घातलं आणि त्यांना धक्काच बसला. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सूचना लावली: 'निद्रा व क्षमा अभ्यास केंद्राच्या पानात अज्ञात व्यक्तीने खोडसाळपणा केलेला दिसतो. मूळ पानाची प्रत ग्रंथालयाने जपून ठेवली आहे, तीच वापरावी.' खाली कंसात, 'फोटोतील व्यक्तीपासून सावध राहावे.'

वकीलसाहेब त्या दिवशी घरी आल्या त्या हसत. हसता हसता रडल्या. आईने विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, बाबांचा फोटो नोटीस बोर्डावर लागलाय.

आठवडा संपत आला होता. मुलीने शेवटचा प्रयत्न म्हणून भेट मागितली आणि बापाला सांगितलं, तुम्ही या, पण बोलू नका. गादीवाल्यांनी वहिनीलाही बरोबर घेतलं. कशाला, हे त्यांनाही नीट सांगता आलं नाही. 'शिकलेलं माणूस बरोबर असलं की बरं,' म्हणाले.

पुन्हा तेच लांब टेबल. मुलीने एक मोठा कागद पसरला. त्यावर मधे पान, भोवती प्रकल्प, आणि कोण कुणाचा आधार घेतो त्याचे बाण. सगळे बाण गोल फिरून पुन्हा पानावर येत होते. ती प्राध्यापकांना म्हणाली, "सर, यातला एक बाण मला असा दाखवा, जो एखाद्या गादीपर्यंत जातो. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतायत. कुणी कुणाला झोपवून बघितलंय का?"

प्राध्यापकांनी कागद जवळ ओढला, बाणांवरून बोट फिरवलं, एकदा, मग उलट्या बाजूने. बाईंनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग प्राध्यापक हळूच म्हणाले की यावरून पान निराधार आहे हे दिसतं. पण निराधार म्हणजे खोटं नव्हे. आणि तू तर 'खोटं' लिहिलंयस.

मुलीने आपलं काम उघडून तो शब्द पुन्हा वाचला. तिला ते पटलं होतं, आणि वकिलाचं तिथेच मरण असतं.

तेव्हा न बोलायला सांगितलेले गादीवाले बोलले. आधी त्यांनी बाईंना विचारलं की जपून ठेवलेल्या मूळ पानावर शेवटचं वाक्य काय आहे. बाईंनी वाचून दाखवलं: 'याला आजवर एकही अपवाद आढळलेला नाही.'

"अपवाद आढळला तर?"

"तर विधान खोटं ठरेल," प्राध्यापक म्हणाले. "एकही नाही म्हटल्यावर एक पुरतो."

गादीवाल्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "मी त्याच गाद्यांतली एक घरी नेली. खपत नव्हत्या, वाया कशाला घालवायची. तेव्हापासून मी रोज काथ्यावर झोपतो. आणि माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला मी अजून माफ केलेलं नाही. एका रात्रीपुरतंसुद्धा नाही."

मुलीने बापाकडे पाहिलं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण आजवर कुणी ते असं मोठ्याने, परक्या खोलीत म्हटलं नव्हतं.

भाऊ कशासाठी माफ व्हायचा राहिला, तेही सांगायला हवं, नाहीतर लोकांना इस्टेटीचं वाटेल. दादाची पाठ दुखत होती. धाकट्या भावाचं गाद्यांचं दुकान असताना दादाने गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून मऊ फोमची गादी घेतली. घेतली तर घेतली, पण हातगाडीवाल्याने ती नेमकी गादीवाल्यांच्या दारावरून नेली, आणि उतारावर गाडी जरा थांबवून त्यांच्याचकडे पाणी मागितलं. गादीवाल्यांनी पाणी दिलं. गादी कुणाची, तेही विचारलं. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलत नाही. जे काय असेल ते वहिनीतर्फे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, आणि सुंभ काथ्याचाच असतो. वहिनीही त्याच फोमच्या गादीवर झोपते, पण या खटल्यात तिला आरोपी केलेलं नाही.

ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "याला साक्षीदार?"

गादीवाल्यांनी वहिनीकडे बोट केलं.

"या तुमच्या कोण?"

"थोरली भावजय. त्याच भावाची बायको."

बाईंनी प्राध्यापकांकडे पाहिलं. प्राध्यापकांनी अंमळ विचार केला आणि म्हणाले की भावजयीने दिराची बाजू घेऊन चांगलं सांगितलं असतं, तर हितसंबंध धरावा लागला असता. वाईट सांगत असेल, तर विश्वास ठेवायला हरकत दिसत नाही.

वहिनीने सांगितलं. तिला जे वाटत होतं ते सगळं सांगितलं, आणि त्याला बराच वेळ लागला. या माणसाने भावाच्या आजारपणात दाराशी येऊन डबा दिला आणि आत पाऊल ठेवलं नाही, हे सांगितलं. भावाने त्या डब्यातलं सगळं खाल्लं आणि 'कुणी दिलं' म्हणून विचारलं नाही, हेही. एक कडक गादीवर झोपतो, एक मऊ गादीवर, आणि दोघांतला एकही हलत नाही. तेव्हा गादीचा यात काडीचाही संबंध नाही, आणि हे ठरवायला चाळणी नको, माणसं पुरतात. ऐकताना गादीवाल्यांनी मान खाली घातली होती. कान मात्र लाल झाले होते.

प्राध्यापकांनी मुलीचा कागद घेतला, 'अनुत्तीर्ण' वर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'विधान खोटे. अपवाद: स्वतः लेखक. बाणांची आकृती उत्तम.' बाईंनी त्याच दिवशी चाळणीत नवा प्रश्न घातला: 'शेवटी कुणाला विचारलं, आणि कुठे?' पान यादीतून गेलं. त्या जागी त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की हे पान खोटं ठरलं आहे, लेखक अमुक गल्लीतले गादीवाले आहेत, दुकान घड्याळवाल्याच्या शेजारी. दुकानाचा पत्ता इंटरनेटवर पहिल्यांदा आला तो असा. खोटारडा कसा दिसतो ते बघायला मुलं येऊ लागली, पलंगावर आडवी झाली आणि फोमच्या गाद्या घेऊन गेली. काथ्याच्या तशाच उभ्या आहेत.

वकीलसाहेब पास झाल्या आणि दुकानात बसायचं टळलं. आता पुढच्या वर्षी त्या दुसऱ्या गावी शिकायला जाणार आहेत. गादीवाले मागची खोली आणि पुढचं गिऱ्हाईक एकट्याने बघतात. बघायला बराच वेळ लागतो.

पण कॉलेजच्या पायऱ्या उतरतानाचं सांगायचं राहिलं. मुलगी पुढे धावत गेली होती. गादीवाले वहिनीच्या बरोबरीने, एकेक पायरी सावकाश उतरत होते. बरंच खाली आल्यावर म्हणाले:

"वहिनी, दादाच्या पलंगाचं माप पाठवा."

"कशाला?"

"फोम दबतो काही वर्षांनी. मधे खड्डा पडला असेल."

"पडलाय. काथ्याची पाठवताय की काय?"

"नाही," ते म्हणाले. पुढची पायरी उतरले. "त्याला हवी ती."

वहिनी घरी गेली आणि शिवणाच्या डब्यातून टेप काढला. पलंगावर दादा आडवा होता, त्याच खड्ड्यात. उठा म्हटलं तर म्हणाला, कशाला? सांगितल्यावर त्याने खड्ड्यातल्या खड्ड्यात कूस बदलली. मग म्हणाला, त्याला म्हणावं, आधी फोन कर. वहिनीने निरोप दिला. गादीवाले म्हणाले, करतो की, आधी माप येऊ दे. दादा म्हणाला, फोन येऊ दे, मी उठतो.

तर भाऊजी, टेप खिडकीत आहे. त्याच्यावर धूळ बसते, मी पुसते. तुमचा दादा अजून उठलेला नाही.